रामेश्वराच्या वाटेवरचा भात

आमच्या देव्हाऱ्यात गंगेचा लाखबंद गडू होता. आजीने तो काशीहून आणला, मावंदं घातलं, गावाला जेवू घातलं. तरी यात्रा पुरी झाली असं तिने कधी म्हटलं नाही. ते पाणी रामेश्वराच्या पिंडीवर पडायचं राहिलं होतं. मग सेतूची वाळू घेऊन पुन्हा प्रयागला जायचं आणि ती संगमात सोडायची, असा तो फेरा. एकनाथांनी तहानेल्या गाढवाच्या तोंडी घातलं, ते पाणीही रामेश्वरासाठीच चाललं होतं. अहिल्याबाई होळकरांनी देशभरच्या देवळांना गंगेच्या कावडी पोचवण्याची सोय लावून दिली होती. आजीचा गडू शेवटी मी नेला.

देऊळ पाहून मन दबतं. तिसऱ्या प्राकाराचे ते लांबच लांब खांबी सोपे अठराव्या शतकात रामनाडच्या मुथुरामलिंग सेतुपतींच्या काळात पुरे झाले. बाराशेवर खांब. आधी अग्नितीर्थावर समुद्रस्नान, मग देवळातल्या बावीस तीर्थांवर एकेक बादली अंगावर घ्यायची, आणि ओल्या कपड्यांनी पुढच्या विहिरीकडे चालायचं. दर्शनातही क्रम आहे: हनुमंताने कैलासाहून आणलेल्या विश्वलिंगाची पूजा आधी, सीतेने वाळूचं केलेल्या रामलिंगाची मागाहून. गर्भगृहातले पुजारी महाराष्ट्रीय ब्राह्मण घराण्यांतले, आणि त्यांना दीक्षा शृंगेरीच्या मठाची. तमिळ मुलखाच्या टोकाला, शैव देवळात, ही व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

पण मला देवळापेक्षा वाटेचं नवल अधिक वाटतं. पांबनची खाडी ओलांडायला 1914 पर्यंत होडीशिवाय साधन नव्हतं. आगगाडी येण्याआधी खाडीपर्यंतची वाट बहुतेकांना पायीच. साताऱ्याची, पैठणची, इंदूरची माणसं महिनोन्‌महिने चालत तिथवर पोचत, तेव्हा त्यांना रोज कोण जेवू घालत होतं?

याचं मोठं उत्तर तंजावरात सापडतं. तंजावरच्या भोसले राजांनी रामेश्वरच्या रस्त्यावर छत्रं, म्हणजे यात्रेकरूंना राहायला आणि जेवायला धर्मशाळा, बांधली. बहुतेक छत्रांना राजघराण्यातल्या स्त्रियांची नावं आहेत. तंजावरहून पट्टुकोट्टैकडे निघालं की ओरत्तनाडूला मुक्तांबाळ छत्र लागतं. तंजावरचे राजे दुसरे सरफोजी यांनी ते 1800 च्या सुमारास मुक्तांबाळच्या स्मरणार्थ उभारलं. ती त्यांची लग्नाची राणी नव्हती, तरी एवढी मोठी वास्तू तिच्या नावाने उभी राहिली, गावालाही तिचं नाव मिळालं. पुढे वाट समुद्राच्या कडेने मीमिसलवरून, तोंडीवरून, रामनाडच्या मुलखात शिरते.

1799 च्या तहाने तंजावरचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला आणि नेमणूक एवढंच उरलं. तेव्हा सरफोजींना धास्ती पडली ती छत्रांची. 1801 साली त्यांनी कंपनीच्या रेसिडेंटला पत्र लिहून छत्रांत काय काय होतं ते कळवलं आणि ती आपल्याकडे राहू द्यावीत अशी विनंती केली. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी, जो येईल त्याला भात मिळे. ज्याला शिजलेलं चालत नसे त्याला शिधा. मध्यरात्री घंटा वाजवून हाक देत, की कोणी उपाशी राहिलं असेल तर यावं. आजाऱ्याला वैद्य होता, तान्ह्या मुलांना दूध होतं, गरोदर बाईची सोय होती. वाटेत कोणी मेला तर त्याच्या जातीच्या रीतीने त्याची क्रिया होई. पोरक्या मुलांना गुरुजी शिकवत.

जातीच्या पंगती होत्याच. तो काळच तसा होता, आणि ते झाकण्यात अर्थ नाही. पण राज्य गेलेल्या माणसाने मागायचं काय, तर यात्रेकरूंचा भात! मराठ्यांच्या इतिहासात आपण लढाया आणि तह वाचतो. मला हे पत्र कुठल्याही तहाइतकंच मोलाचं वाटतं. सरफोजींनी पुढे 1820 च्या सुमारास स्वतः काशीची यात्रा केली, मोठा लवाजमा घेऊन. भुकेलेल्या वाटसरूंची काळजी त्यांनी त्याच्या वीस वर्षं आधी केली होती.

मग 1855 साली तंजावरची गादी खालसा झाली. 1914 साली पांबनचा पूल झाला आणि आगगाडी बेटावर पोचली. चालणारे कमी झाले, म्हणून मुक्काम कमी झाले, म्हणून छत्रांची गरज उरली नाही. 1964 च्या डिसेंबरातल्या वादळाने धनुष्कोडी बुडवलं, तिथे पोचत आलेली आगगाडीही गिळली. त्याबद्दल सगळेच बोलतात. छत्रं मात्र कुठल्याही वादळाशिवाय विस्मरणात गेली. त्यांचे मोडीतले कागद तंजावरात आहेत, आणि ते मराठीत आहेत.

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात बसून मोडी वाचणारी तरुण मंडळी महाराष्ट्रातून तिकडे जायला हवीत. आणि जे नुसते दर्शनाला निघाले असतील त्यांनी तंजावरहून रामेश्वरला जाताना गाडी ओरत्तनाडूवरून न्यावी. बृहदीश्वराच्या भिंतीवर 1803 साली कोरलेला भोसले घराण्याचा मराठी शिलालेख तर बघाच. त्याच वाटेवर मुक्तांबाळ छत्रही आहे.