ज्वारी ताटातून गेली कशी, आणि रक्तात साखर आली कशी

पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा, पण घरात शुगरचा पेशंट असेल तर नक्की वाचा.

आपल्याकडं साखर म्हणजे कारखान्याची आणि शुगर म्हणजे रक्तातली, असे दोन वेगळे शब्दच झालेत. शुगर निघाली की डॉक्टर सांगतात, भात कमी करा, ज्वारीची भाकरी खा. पेशंट मान डोलावतो. पण रेशनचा गहू घरात फुकट येतो आणि शाळू बाजारात त्याच्यापेक्षा महाग पडतो. एके काळी भाकरी गरिबाची होती आणि गव्हाची पोळी सणाला, नाहीतर पाहुणा आला की व्हायची. हे ताट उलटं कधी झालं, ते बघू.

१९४९ पर्यंत सातारा-सांगली हा एकच जिल्हा होता. मग दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं. या सगळ्या पट्ट्यात पश्चिमेला, म्हणजे पाटण, जावळी, शिराळा भागात भात आणि नाचणी. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जतला बाजरी आणि शाळू. मधल्या काळ्या रानात ज्वारी. सोबत हुलगा, मटकी, तूर, शेंगदाण्याची चटणी, रानातली भाजी. या ताटाचं फार कौतुक करण्याचं कारण नाही. बऱ्याच घरांत ते पोटभरही मिळायचं नाही.

पहिला धक्का बियाण्याचा. १९६४ ला सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली. म्हातारी माणसं आजही 'हायब्रीड' म्हणतात ती हीच. उतारा भरपूर, पण भाकरीला चव नाही आणि पावसात सापडली की कणीस काळं पडायचं. दाण्याला भाव मिळेना, तशी खरिपाची ज्वारी हळूहळू हटली. रब्बीचा मालदांडी शाळू मात्र चवीवर टिकून राहिला.

मग १९७२ चा दुष्काळ. खडी फोडायला गेलेल्या माणसांना सुकडी मिळायची आणि अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी खावी लागायची. रोजगार हमी योजनेचं मूळ आपल्याच तासगाव तालुक्यातलं, विसापूरच्या वि. स. पाग्यांचं. त्या योजनेनं माणसं जगवली, हे कुणी विसरू नये. पण त्याच काळात आणखी एक गोष्ट झाली. धान्य आपल्या रानातून नाही तर सरकारी गोदामातून येतं, याची सवय लागली. सरकार हमीभावानं खरेदी करायचं ते मुख्यतः पंजाब-हरियाणाचा गहू आणि तांदूळ. त्यामुळं रेशनच्या पोत्यातही तेच आलं.

तिकडं कृष्णाकाठी ऊस उभा राहिला. सांगलीला वसंतदादांचा कारखाना, रेठरे बुद्रुकला कृष्णा, साखराळ्याला राजारामबापूंचा, वाळव्याला नागनाथअण्णांचा हुतात्मा. या कारखान्यांनी शाळा काढल्या, कॉलेजं काढली, घरावर स्लॅब आणला. मी त्याच पैशाच्या शाळेत शिकलो, त्यामुळं उसाला शिव्या देणाऱ्यांतला मी नाही. पण उसाच्या रानात ज्वारीला जागा उरत नाही. पुढं ताकारी, म्हैसाळ, टेंभूचं पाणी पूर्वेकडं चढलं, तसा ऊस आणि द्राक्ष तिकडंही गेली. ज्वारी गेल्यावर कडबा गेला आणि बांधावरची तूर-मटकीही गेली. म्हणजे एक धान्य बदललं नाही, ताटातली डाळ-उसळसुद्धा आटली.

आणि कष्ट कमी झाले. मोट गेली, मोटार आली. बैल गेले, ट्रॅक्टर आला. रानात चालत जाणारा गडी एम-एटीवर बसून जाऊ लागला. स्नायू काम करतात तेव्हा रक्तातली साखर ओढून घेतात. काम थांबलं की तीच भाकरी, तोच भात अंगावर येतो.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण सोशल मीडियावर ज्वारीचं फार देव्हारं माजवलंय. ज्वारीतही पिष्ट असतं, जवळपास गव्हाइतकंच. पिष्टाची शेवटी साखरच होते. भाकरीतलं पिष्ट जरा सावकाश पचतं, म्हणून साखर एकदम उसळत नाही, एवढाच फायदा. चार भाकरी दुधात कुस्करून खाल्ल्या तर मीटर वर जाणारच. एक-दीड भाकरी, वाटीभर उसळ, भरपूर पालेभाजी आणि जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं, हे सगळं मिळून काम करतं. नुसतं धान्य बदलून भागत नाही. भारतीय माणसाच्या उष्मांकांतला साधारण ६२ टक्के वाटा धान्य-साखर अशा कर्बोदकांतूनच येतो, असं आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत दिसलं. कमी आहे ती डाळ, अंडी, दही यांची बाजू.

'आम्ही कुठं जाड आहोत, मग शुगर कशी?' हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. याचं उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी शोधलंय. पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांनी १९९३ पासून गरोदर बायांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. पण आपल्या बारक्या बाळांत स्नायू कमी आणि चरबी त्या मानानं टिकून. दिसायला हडकुळा, आतून चरबीचा. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या उपासमारीत आईच्या पोटात असलेल्या मुलांना पुढं पन्नाशीत साखर पचवायला जड जात होतं, हेही तपासून दाखवलंय. आपल्याकडं ७२ ला जन्मलेली पिढी आज पन्नाशी ओलांडून बसलीय. या वयाच्या माणसांनी तब्येत दणकट वाटत असली तरी एकदा रक्त तपासून घ्यावं.

दोन गैरसमज मात्र मोडायलाच हवेत. गूळ चालतो म्हणणारे सांगलीच्या मार्केट यार्डाच्या जिल्ह्यात घरोघरी आहेत. गुळात बहुतेक भाग साखरच असते, रंग वेगळा एवढंच. आणि उपवास. साबुदाणा म्हणजे तामिळनाडूतून येणारं जवळपास निव्वळ पिष्ट. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाऊन दुसऱ्या दिवशी रिपोर्ट काढणारे, आणि लॅबवाल्याशी भांडणारे, मी पाहिलेत.

कृपा करून ही पोस्ट वाचून जेवण एकदम तोडू नका. इन्सुलिन किंवा गोळी चालू असताना जेवण तोडलं तर साखर खाली येऊन माणूस चक्कर येऊन पडतो. बदल करायचा तो आपल्या डॉक्टरांना विचारून.

आता मुद्द्याचं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ ३, गहू २ आणि भरड धान्य १ रुपया किलो, असे तीन दर लिहिलेत. २०२३ पासून धान्य मोफत झालं. म्हणजे ज्वारी-बाजरी देण्याची सोय कायद्यातच आहे. माण, खटाव, आटपाडी, जतचा शाळू हमीभावानं घेऊन इथल्याच दुकानांत दिला तर शेतकऱ्यालाही भाव मिळेल आणि शुगरच्या पेशंटला पोत्यातून निवड करता येईल. तुमच्या गावच्या रेशन दुकानात गेल्या वर्षभरात ज्वारी आली का, आली तर कोणत्या महिन्यात आणि माणशी किती किलो, ते गावाच्या नावासह मला कळवा. तालुकावार यादी करून दोन्ही जिल्ह्यांच्या पुरवठा अधिकाऱ्यांकडं घेऊन जातो.