ब्रेक सांगतो गाडीचं वय

आजच्या भाषणाचा विषय ऐकून काही जणी हसतील. इटलीतल्या जुन्या मोटरसायकली, त्या कोणत्या साली बनल्या आणि त्यांना मूळचे ब्रेक कोणते होते, हे कसं ओळखायचं, याबद्दल आपण बोलणार आहोत. आपल्याला त्याचं काय, असं वाटेल. पण बाजारात बैल घेताना आपण विकणाऱ्याच्या शब्दावर जातो का? तोंड उघडून दात बघतो. दोन दाती आहे, चार दाती आहे, की जुळलेला आहे, ते दातच सांगतात. जुन्या गाडीचंही तसंच आहे.

आधी गाव सांगतो. इटलीच्या उत्तरेला ब्रेगान्झे नावाचं गाव आहे. पिएत्रो लावेर्दा यांनी 1873 साली त्या भागात शेतीची अवजारं बनवण्याचा धंदा काढला. पुढे त्यांचा कारखाना ब्रेगान्झ्यात मोठा झाला आणि पीक कापणी-मळणीच्या यंत्रांसाठी लावेर्दा हे नाव इटलीभर गेलं. त्यांचे नातू फ्रान्चेस्को यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर 75 सीसीची लहानशी मोटरसायकल बनवली आणि 1949 साली मोटरसायकलची वेगळी कंपनी उभी केली. युद्धात होरपळलेल्या देशात लोकांना कामावर जायला स्वस्त वाहन हवं होतं. मोटार परवडत नव्हती, सायकल पुरत नव्हती. म्हणून अशा लहान गाड्या घरोघरी गेल्या.

नंतर लोकांच्या हातात पैसा आला, रस्ते सुधारले आणि गाड्या मोठ्या झाल्या. लावेर्दाची 750 सीसीची गाडी 1968 साली आली. इंजिन दणकट होतं, वेग भरपूर होता. आता प्रश्न थांबण्याचा होता.

त्या काळी बहुतेक गाड्यांना ड्रम ब्रेक असे. तो आपल्या ओळखीचा आहे, कारण आपल्याकडच्या अनेक स्कूटरना आजही तोच असतो. चाकाच्या मधोमध पोकळ ड्रम, त्याच्या आत अर्धगोल दोन ब्रेक शू. लिव्हर दाबली की शू फाकतात आणि ड्रमला आतून घासतात. घासलं की तापतं. लांब उतारावर सतत ब्रेक दाबला तर ड्रम इतका तापतो की पकडच कमी होते. पाणी आत गेलं तरी तेच. गाडी जड आणि वेगवान झाली तेव्हा ही उणीव जिवावर बेतू लागली.

लावेर्दाने यावर स्वतःच्या बनावटीचा मोठा ड्रम ब्रेक काढला आणि 1970 च्या गाडीला नाव दिलं एसएफ. म्हणजे ‘सुपर फ्रेनी’. फ्रेनी हा ब्रेकसाठीचा इटालियन शब्द. गाडी किती पळते यापेक्षा ती कशी थांबते, हे नावातच घातलं.

पुढे डिस्क ब्रेक आला. चाकाबरोबर उघड्यावर फिरणारी चकती आणि तिला दोन बाजूंनी चिमटणारे पॅड. उघडी असल्यामुळे ती लवकर गार होते. इटलीच्याच लॅम्ब्रेटा कंपनीने 1962 साली आपल्या टीव्ही 175 स्कूटरला पुढे डिस्क लावली होती, पण ती केबलने चाले. तेलाच्या दाबावर चालणारी डिस्क सत्तरच्या दशकात सगळीकडे पसरली. लावेर्दाची एसएफ-2 आली 1974 मध्ये, पुढे डिस्क घेऊन. 1976 च्या सुमाराच्या एसएफ-3 ला मागेही डिस्क आली आणि तारांच्या चाकांच्या जागी ओतीव चाकं आली. ज्या ड्रममुळे एसएफ हे नाव पडलं तो ड्रम गेला, नाव मात्र राहिलं.

म्हणून ब्रेक पाहून वयाचा अंदाज बांधता येतो. कोमो सरोवराच्या काठी, मांदेल्लो गावातल्या मोटो गुझ्झीच्या गाड्यांचंही तसंच. त्यांच्या व्ही-7 स्पोर्टला पुढे दोन्ही बाजूंनी काम करणारा ड्रम असे. 1974 च्या 750 एस या गाडीला डिस्क आली. 1975 च्या 850 टी-3 ला तर तीन डिस्क होत्या आणि पायाचा ब्रेक दाबला की मागची डिस्क आणि पुढची एक, अशा दोन्ही एकदम लागत. हाताच्या लिव्हरला पुढची दुसरी डिस्क.

आणखी एक खूण पायाशी असते. आपल्याकडच्या जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असे, हे आपल्यातल्या काहींनी पाहिलं असेल. अनेक इटालियन गाड्याही तशाच होत्या. 1 सप्टेंबर 1974 पासून अमेरिकेने नियम केला की गिअर डावीकडे आणि ब्रेक उजवीकडेच हवा. अमेरिकेत गाड्या विकायच्या तर बदल करणं भाग पडलं. म्हणून कोणत्या पायाला ब्रेक आहे, यावरूनही साल जवळपास कळतं.

पण सावध राहायला हवं. चाक बदलता येतं. ड्रमची गाडी घेऊन कितीतरी जणांनी पुढे सुरक्षेसाठी डिस्क बसवून घेतली. उलट, गाडी जुनी दाखवली की किंमत वाढते, म्हणून ड्रम बसवणारेही असतात. व्ही-7 स्पोर्टच्या अगदी पहिल्या थोड्या गाड्यांची चौकट लाल रंगाची होती आणि त्यांना मोठी किंमत येते. पण लाल रंग काय, कुठल्याही दुकानात मिळतो.

म्हणून जाणकार एका खुणेवर विसंबत नाहीत. चौकटीवर ठोकलेला नंबर पाहतात, इंजिनाचा नंबर पाहतात, मग ब्रेक, चाकं आणि दिवे त्या नंबराशी जुळतात का ते पाहतात. इटालियन गाड्यांवर ‘डीजीएम’ अशी अक्षरंही दिसतात. नवखे त्यालाच गाडीचा नंबर समजतात. तो सरकारी मंजुरीचा क्रमांक असतो, त्या जातीच्या सगळ्या गाड्यांना सारखाच. कागदावरची तारीखही जपून वाचावी लागते. इटलीत वाहनांची सरकारी नोंदवही 1927 पासून आहे, पण तिथली तारीख नोंदणीची. गाडी कारखान्यातून निघाली कधी, दुकानात किती दिवस पडून राहिली, हे त्यात नसतं. पूर्वी कार्तिकात जन्मलेल्या मुलाची शाळेत जूनची जन्मतारीख लागायची, तसंच.

आता हे आपल्या कामाचं कसं, ते सांगतो. आपल्या गटातल्या कितीजणी दूध घालायला, बाजाराला, बँकेत जायला जुनी स्कूटर घेतात. पैसे गटाच्या कर्जाचे असतात. तेव्हा रंग पाहून भुलू नका. आरसी बुकात बनावटीचा महिना आणि साल असतं, ते वाचा. त्यातला चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहा. नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला तर व्यवहार थांबवा.

मग ब्रेक. गाडी चालवून, दोन्ही ब्रेक वेगवेगळे लावून पाहा. मेकॅनिककडून चाक उघडून शू किती झिजलेत ते बघा. गाडी फार जुनी असेल तर ड्रममधली धूळ तोंडाने फुंकू देऊ नका. पूर्वीच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचा आणि तो फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसायला सांगा.

शौकीन माणूस मूळचा ड्रम शोधून जुन्या गाडीला बसवतो, कारण त्याला इतिहास खरा ठेवायचा असतो. ते चांगलंच आहे. आपली गाडी मात्र रोजच्या रस्त्याची आहे, मागे लेकरू बसलेलं असतं. आपल्याला मूळचा ब्रेक नको, लागणारा ब्रेक हवा. दोघांनाही करावं लागतं ते एकच, विकणाऱ्याचं ऐकून घ्यायचं आणि मग वाकून स्वतः बघायचं.