चार दप्तरे, चार प्रश्न : इमारतीची वैधता सरकारी कागदांत कशी वाचावी?

१/
मुंबई-पुण्यात घर घेऊ पाहणाऱ्याच्या हाती कागदांची जाडजूड फाइल येते. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, झोन दाखला, मंजूर नकाशे, भोगवटा प्रमाणपत्र. यांतला एखादा कागद नीटनेटका दिसला की ‘कागद स्वच्छ आहेत’ असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु हे कागद एका दप्तरातले नाहीत आणि एका शतकातलेही नाहीत. प्रत्येकाचा जन्म वेगळ्या गरजेतून झाला, आणि ज्या प्रश्नासाठी तो जन्मला त्याच प्रश्नाचे उत्तर तो देतो. हा धागा त्या चार प्रश्नांविषयी आहे.

२/
पहिला प्रश्न महसुलाचा : सारा कोणाकडून घ्यायचा? पेशवाई संपल्यावर कंपनी सरकारने दख्खनेत केलेली प्रिंगल यांची पहिली मोजणी फसली. त्यानंतर १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यापासून नवी पाहणी सुरू केली. मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे भाग १६ आणे. साखळीच्या लांबीचा एक चौरस म्हणजे एक गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. आपण आजही बोलता बोलता ‘गुंठा’ म्हणतो, तेव्हा नकळत त्याच साखळीने मोजत असतो.

३/
या पाहणीने प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर दिला आणि सारा भरणाऱ्याचे नाव लिहिले. मात्र त्या जमिनीत आणखी कोणाचे हक्क गुंतले आहेत, ती गहाण आहे का, कूळ कोण, हे त्यातून पुरेसे कळत नसे. ती उणीव भरण्यासाठी १९०३ मध्ये मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा झाला. आजचा सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा : एकात अधिकारांची नोंद, दुसऱ्यात पिकांची. हक्कात बदल झाला की तो आधी नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत चढतो.

४/
म्हणूनच सातबाऱ्याकडून भलती अपेक्षा ठेवू नये. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार हक्कनोंदणीतील नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते. तरी फेरफारामुळे मालकी निर्माण होत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. त्या जमिनीवरची सात मजली इमारत कायदेशीर आहे की नाही, याविषयी तर सातबारा मौनच पाळतो. सारा गोळा करणाऱ्या दप्तराला तो प्रश्न कधी पडलाच नव्हता.

५/
दुसरा प्रश्न हवेचा आणि उजेडाचा. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीस आला. दाटीवाटीच्या, अंधाऱ्या चाळींकडे बोट दाखवले गेले आणि १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट हे रुंद रस्ते आणि दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती ही त्याच ट्रस्टची कामे.

६/
ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी एका कोनाचा हिरिरीने पुरस्कार केला : ६३.५ अंश. समोरच्या इमारतीच्या माथ्यापासून आपल्या इमारतीच्या पायथ्यापर्यंत रेषा ओढली, तर ती जमिनीशी याहून मोठा कोन करता कामा नये. भूमितीच्या भाषेत याचा अर्थ सरळ आहे : इमारत जेवढी उंच, तिच्या निम्मी जागा मोकळी. दोन इमारतींमधील अंतर हा तोवर मालकाच्या मर्जीचा विषय होता. आता तो सार्वजनिक आरोग्याचा विषय झाला.

७/
तिसरा प्रश्न शहराच्या वाढीचा : कोणत्या जागेवर काय असावे? १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने वेडेवाकडे तुकडे एकत्र करून, रस्ते वगळून, मालकांना नव्याने आखलेले भूखंड देण्याची पद्धत आणली. वांद्रे-सांताक्रूझच्या पत्त्यांत दिसणारे ‘टी.पी.एस.’ किंवा पुण्यातील शिवाजीनगरच्या पत्त्यांतला ‘एफ.पी. नंबर’, म्हणजे अंतिम भूखंड क्रमांक, ही त्याच पद्धतीची खूण. त्यामुळे एकाच जागेला जुना सर्व्हे नंबर, सिटी सर्व्हे नंबर आणि अंतिम भूखंड क्रमांक असे तीन क्रमांक असू शकतात. हे क्रमांक एकमेकांशी जुळतात का, ही शोधाची पहिली पायरी.

८/
पुढे १९५४ च्या कायद्याने आणि नंतर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ ने संपूर्ण शहराची विकास योजना आखणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरवले. निवासी, वाणिज्य, औद्योगिक, हरित असे विभाग आले. शाळा, उद्यान, रुग्णालय यांची आरक्षणे आली. झोन दाखला किंवा मुंबईतील ‘डीपी रिमार्क’ हा या योजनेचा उतारा. जमीन निवासी विभागात आहे, तिच्यावर आरक्षण आहे का, रस्तारुंदीची रेषा तिला छेदते का, एवढे तो सांगतो. तिथे उभ्या असलेल्या इमारतीला परवानगी होती का, हे मात्र तो सांगत नाही.

९/
तो चौथा प्रश्न, आणि त्याचे दप्तर महापालिकेच्या इमारत प्रस्ताव किंवा बांधकाम परवानगी विभागात. मुंबईत या परवानगीचे नाव मोठे गमतीचे आहे : आयओडी, म्हणजे ‘इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल’, नापसंतीची सूचना! १८८८ च्या महापालिका कायद्याच्या कलम ३४६ मधून ती आली. आराखडा जसाच्या तसा मान्य नाही, अमुक अटी पाळल्या तर काम करता येईल, असा तिचा आशय. नकाराच्या नावाने दिलेला हा सशर्त होकार शतकाहून अधिक काळ चालत आला आहे.

१०/
आयओडीनंतर प्रारंभ प्रमाणपत्र. ते बहुधा आधी जोत्यापर्यंत आणि मग टप्प्याटप्प्याने वरच्या मजल्यांसाठी दिले जाते. म्हणून ते ‘आहे का’ एवढे विचारून भागत नाही. ‘कोणत्या मजल्यापर्यंत आहे’ हे वाचावे लागते. शेवटी भोगवटा प्रमाणपत्र : इमारत मंजूर नकाशाप्रमाणे पूर्ण झाली आणि तिच्यात राहता येईल, असे सांगणारा हा कागद.

११/
एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याचे समजले की काय होते, हे वरळीच्या कॅम्पा कोला आवारात दिसले. महापालिकेच्या मालकीची ही जमीन भाडेपट्ट्याने दिलेली होती. १९८० च्या दशकात तिथे सात इमारती उभ्या राहिल्या. महापालिकेने १९८४ मध्येच काम थांबवण्याची नोटीस बजावली होती. तरी मजले चढत गेले, सदनिका विकल्या गेल्या, कुटुंबे राहायला आली. भोगवटा प्रमाणपत्र मात्र नव्हते.

१२/
फेब्रुवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंजुरीपलीकडचे मजले पाडण्याचा निर्णय कायम केला. असे मजले ३५ होते. रहिवाशांनी भरपाईसाठी विकासकाविरुद्ध दाद मागावी, असे न्यायालयाने म्हटले. नोव्हेंबर २०१३ मध्ये पाडकामाचे पथक फाटकाशी पोहोचले, तेव्हा तात्पुरती स्थगिती मिळाली. ज्या घरात माणसे पंचवीस वर्षे राहिली, ते घर सरकारी दप्तराच्या लेखी अस्तित्वातच यायला नको होते. सुधारित नकाशे नामंजूर झाल्याचे दप्तरात होते, आणि फाटकाबाहेर उभी असलेली कुटुंबे मात्र खरी होती.

१३/
असाच गैरसमज आणखी दोन कागदांविषयी आहे. नोंदणीकृत खरेदीखत आणि सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू, व्यवहार झाल्याचे सांगतात. इमारत वैध असल्याचे नाही. आणि मालमत्ता कराची पावती? मुंबईत अनधिकृत बांधकामावरही कर आणि त्यावर दंड आकारण्याची तरतूद आहे. तेव्हा पावती ही वैधतेची पोचपावती नव्हे.

१४/
मग शोध कसा घ्यावा? आधी तिन्ही क्रमांक जुळवावेत. ‘महाभूलेख’वर सातबारा किंवा मालमत्ता पत्रक पाहावे, फेरफार मागे मागे वाचत जावेत. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर जुने दस्त शोधावेत. १९०८ च्या नोंदणी कायद्याचे कलम ५७ स्थावर मिळकतीच्या नोंदी पाहण्याचा हक्क कोणालाही देते. नगररचना विभागाकडून झोन दाखला घ्यावा. मग मंजूर नकाशा हाती घेऊन मजले प्रत्यक्ष मोजावेत. प्रकल्प नवा असेल तर ‘महारेरा’च्या नोंदी पाहाव्यात. कागद मिळतच नसेल तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे.

१५/
हे कष्ट वाया जात नाहीत, याचा दाखला मुंबईनेच दिला आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये शहराच्या २०३४ पर्यंतच्या विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाला. नागरिकांनी आपापल्या गल्लीचे नकाशे उघडले आणि चुकांच्या तक्रारींचा ढीग लावला. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मसुदा रद्द करण्याचे जाहीर केले. पुढच्या वर्षी सुधारित मसुदा आला. लोकांनी वाचला म्हणून एका महानगराचा नकाशा बदलला.

१६/
इतिहासाचे विद्यार्थी मोडी कागद हाती आला की पहिल्यांदा विचारतात : हा कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला आणि कशासाठी? झोन दाखल्यालाही हेच तीन प्रश्न विचारावेत. जमीन कोणाच्या नावे, तिथे काय बांधता येते, काय बांधायला परवानगी मिळाली आणि प्रत्यक्षात काय बांधले, ही चार उत्तरे चार दप्तरांत आहेत. ती एकत्र करून वाचण्याचे काम कोणत्याही दप्तराचे नाही. ते आपल्यालाच करावे लागते.