पहिल्या पायरीची उंची

सोलापूरच्या सिटी बसचा इतिहास मी पहिल्या पायरीपासून सांगते. माझी आई विडी कामगार. 2006 साली कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीची दहा हजार घरं झाली आणि हजारो बायकांचं शहरात रोजचं जाणं-येणं लांबलं. एका हातात विड्यांची टोपली, दुसऱ्या हाताने बसचा दांडा धरायचा आणि गुडघ्याएवढी पायरी चढायची. आईचे गुडघे त्याच पायरीवर झिजले, असं मी आजही मानते.

ती पायरी उंच का, याचं उत्तर कारखान्यात आहे. 1954 पासून जमशेदपूरला टाटा-मर्सिडीजचे ट्रक बनू लागले. चेन्नईची, 1948 ची अशोक मोटर्स 1955 मध्ये अशोक लेलँड झाली. बरीच वर्षं आपल्याकडे बस सहसा वेगळी घडवली जात नसे. मालासाठीच्या चेसिसवर वर्कशॉपमध्ये बॉडी चढवली, की बस तयार. एसटीच्या दापोडी वर्कशॉपनेही वर्षानुवर्षं चेसिस आणून त्यावर बॉडी बांधली. इंजिन पुढे, चाकं मागची फिरणार. म्हणून मधला शाफ्ट, स्प्रिंगचे लोखंडी पाटे आणि जाड फ्रेम हे सगळं प्रवाशांच्या पायाखाली आलं. मालाच्या पोत्याला गुडघे नसतात, त्यामुळे उंचीची फिकीर कुणी केली नाही.

2006 च्या सुमारास बंगळुरूत व्होल्वोच्या लो फ्लोअर बस धावू लागल्या. इंजिन मागे गेलं, पाट्यांच्या जागी हवेचं सस्पेन्शन आलं आणि फरशी खाली उतरली. 2008 मध्ये केंद्राने शहरी बसचे निकष ठरवले: फरशी 400, 650 किंवा 900 मिलिमीटर. शहराची बस म्हणजे ट्रकचा भाऊ नव्हे, हे सरकारी कागदावर तेव्हा आलं.

सोलापूरलाही केंद्राच्या जेएनएनयूआरएम या शहरविकास योजनेतून नव्या बस मिळाल्या. त्यांतल्या कित्येकींच्या चेसिसला तडे गेले आणि त्या डेपोत उभ्या राहिल्या. शहराच्या पूर्व भागातल्या बायका पुन्हा रिक्षात दाटीवाटीने बसू लागल्या. फरशी खाली आणणं जितकं गरजेचं, तितकंच ती आपल्या रस्त्यांवर टिकवणंही, हा धडा या शहराने किंमत मोजून घेतला आहे.

आता काळ इलेक्ट्रिक बसचा. त्यात इंजिन नाही, बॅटऱ्या छतावर किंवा मागे बसवता येतात. फरशी खाली ठेवायला पूर्वीइतकी अडचण उरलेली नाही. म्हणून महापालिकेला माझी कळकळीची विनंती आहे. निविदा काढताना एसी, स्क्रीन, रंग यांच्या आधी पायरीची उंची आणि चेसिसची हमी वाचा. बस ताब्यात घेण्याआधी एखाद्या साठीच्या विडी कामगार बाईला टोपलीसह तिच्यात चढायला सांगा. तिला आधाराशिवाय चढता आलं, तरच सही करा.