घरची बिअर कडक झाली तर?

- प्रतिनिधी

ब्रिटन आणि अमेरिकेत घरच्या घरी बिअर तयार करणे हा एक कायदेशीर छंद आहे. ब्रिटनमध्ये १९६३ साली तत्कालीन अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी घरगुती बिअरसाठीची परवान्याची अट रद्द केली. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये स्वाक्षरी केलेल्या कायद्यामुळे ही मोकळीक मिळाली. तेथे एका प्रौढ व्यक्तीच्या घरात वर्षाला १०० गॅलन, तर दोन वा अधिक प्रौढ असलेल्या घरात २०० गॅलन बिअर करमुक्त तयार करता येते. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी वाचकांनाही हा छंद खुला आहे. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याशिवाय मद्यनिर्मिती हा गुन्हा असून, 'घरच्यापुरतीच केली' ही सबब येथे चालत नाही. त्यामुळे पुढील माहिती जेथे कायद्याची मुभा आहे, तेथील वाचकांसाठीच आहे.

या छंदात नवख्यांना हमखास सतावणारा प्रश्न म्हणजे ठरविल्यापेक्षा कडक झालेली बिअर. पाच-साडेपाच टक्के मद्यार्काची बिअर करायला जावे आणि प्रत्यक्षात आठ टक्क्यांची निघावी, असे सहज घडते. अशी बिअर ओतून देण्याची गरज नसते. उपाय आहेत, परंतु कोणता उपाय लागू पडेल, हे चूक कोणत्या टप्प्यावर लक्षात आली त्यावर अवलंबून असते.

आधी मोजमाप, मग उपाय

बिअर खरोखरच कडक आहे का, हे जिभेवरून ठरवू नये. त्यासाठी हायड्रोमीटर हवा. यीस्ट घालण्यापूर्वीच्या गोड रसाची विशिष्ट घनता आणि आंबवण पूर्ण झाल्यानंतरची घनता यांतील फरकाला १३१.२५ ने गुणले, की मद्यार्काचे अंदाजे प्रमाण मिळते. उदाहरणार्थ, सुरुवातीची घनता १.०७५ आणि शेवटची १.०१५ असेल, तर फरक ०.०६० येतो, म्हणजेच मद्यार्क सुमारे ७.९ टक्के.

येथे एक फसगत संभवते. माल्टच्या तयार अर्कापासून बिअर करताना घट्ट रस उकळून त्यात नंतर पाणी मिसळतात. ते नीट ढवळले गेले नाही, तर जड रस तळाशी राहतो. तेथील नमुना घेतला, की घनता खऱ्यापेक्षा जास्त दिसते. अशा वेळी बिअर ठीकच असते, आकडा तेवढा चुकलेला असतो. शिवाय नमुन्यातील वायूचे बुडबुडे हायड्रोमीटरला वर उचलतात. म्हणून नमुना ढवळून वायू काढून टाकावा आणि उपकरणावर नमूद केलेल्या तापमानालाच मोजावे.

यीस्ट घालण्यापूर्वी

चूक येथेच लक्षात आली, तर उपाय अगदी सोपा. उकळून थंड केलेले पाणी मिसळावे. हिशेब असा : १.०७५ मधील ७५ या आकड्याला रसाच्या लिटरने गुणावे. २० लिटरचे १५०० झाले. घनता १.०६० हवी असेल, तर १५०० ला ६० ने भागावे. उत्तर २५ लिटर; म्हणजे पाच लिटर पाणी घालावे. या टप्प्यावर पाण्यासोबत प्राणवायू गेला तरी बिघडत नाही. यीस्टला वाढीसाठी तो लागतोच.

आंबवण पूर्ण झाल्यावर

आता मात्र प्राणवायू शत्रू ठरतो. त्यामुळे बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखी शिळी चव येते. म्हणून पाणी दहा-पंधरा मिनिटे उकळून, झाकण ठेवूनच थंड करावे आणि नळीने, खळखळाट न होऊ देता, भांड्याच्या तळाशी सोडावे. उकळल्याने पाण्यातील विरघळलेली हवा व क्लोरीन निघून जाते. नळाच्या पाण्यात क्लोरामाइन असेल, तर ते उकळण्याने सहजासहजी जात नाही. त्यासाठी मेटाबायसल्फाइटच्या गोळ्या वापरतात.

वरील ७.९ टक्क्यांची २० लिटर बिअर साडेसहा टक्क्यांवर आणायची असेल, तर २० गुणिले ७.९ भागिले ६.५ असा हिशेब करावा. उत्तर २४.३ लिटर येते. म्हणजे साधारण सव्वाचार लिटर पाणी. हे तंत्र कमी दर्जाचे मानण्याचे कारण नाही. अनेक मोठे कारखाने बिअर मुद्दाम कडक आंबवून, बाटलीत भरण्यापूर्वी हवा काढलेले पाणी मिसळतात. मात्र पाण्याने मद्यार्काबरोबरच हॉप्सचा कडवटपणा आणि बिअरचा भरीवपणाही त्याच प्रमाणात उतरतो. आठ टक्क्यांची बिअर थेट चार टक्क्यांवर आणली, तर ती पाणचट लागणारच.

त्यापेक्षा सरस मार्ग म्हणजे त्याच धाटणीची सौम्य बिअर तयार करून दोन्ही मिसळणे. ७.९ आणि ४ टक्क्यांची बिअर समप्रमाणात मिसळली, तर सुमारे सहा टक्क्यांची बिअर मिळते आणि चवही टिकते. ब्रिटनमध्ये एकाच माल्टमधून आधी कडक व नंतर सौम्य रस काढून, ते वेगवेगळ्या प्रमाणात मिसळण्याची जुनी पद्धत आहे. लंडनच्या फुलर्सच्या बिअर याच पद्धतीसाठी ओळखल्या जातात.

मिश्रणानंतर बाटलीत फेसासाठी घालायची साखर नव्या एकूण लिटरवर मोजावी. लिटरमागे साधारण पाच ते सात ग्रॅम पुरते.

बाटल्या भरून झाल्या असतील तर

भरलेल्या बाटल्या उघडून पाणी घालू नये. वायू जातो आणि हवा शिरते. अशा वेळी मिश्रण पेल्यातच करावे. जर्मनीत बिअर आणि लिंबाचे गोड सरबत मिसळून 'राडलर' पितात. ७.९ टक्क्यांची बिअर निम्मे सरबत घालून घेतली, तर मद्यार्क चार टक्क्यांच्या आसपास येतो.

आकडा योग्य असूनही बिअर घशाला जाळत असेल, तर दोष बहुधा आंबवणीच्या वेळच्या उष्णतेचा असतो. तापमान वाढले, की यीस्ट बोचरे मद्यार्क तयार करते. काही महिने थंड जागी मुरू दिल्यास हा बोचरेपणा कमी होऊ शकतो. पण पूर्ण जाईलच असे नाही.

हे करू नये

मद्यार्क उडवून लावण्यासाठी बिअर उकळू नये. सुगंध व वायू नष्ट होतो, चव बिघडते आणि मद्यार्काची वाफ ज्वलनशील असते. बिअर गोठवून बर्फ काढणे तर उलटेच : आधी पाणी गोठत असल्याने उरलेली बिअर अधिक कडक होते. चव झाकण्यासाठी साखरही घालू नये. यीस्ट ती आंबवून मद्यार्क वाढविते आणि बंद बाटलीत वायूचा दाब वाढून बाटली फुटू शकते. फुटलेल्या काचेने गंभीर इजा होते.

पाहुण्यांना कल्पना द्या

कडकपणाचा खरा धोका चवीत नसून अजाणतेपणात आहे. ब्रिटनमध्ये १० मिलिलिटर शुद्ध मद्यार्क म्हणजे एक एकक धरतात. ५६८ मिलिलिटरचा एक पाइंट चार टक्क्यांचा असेल, तर त्यात २.३ एकके येतात, ७.९ टक्क्यांचा असेल, तर साडेचार. म्हणजे एक पेला घेतला असे समजणाऱ्या पाहुण्याने प्रत्यक्षात दोन घेतलेले असतात, आणि कदाचित तोच गाडी चालवत घरी जाणार असतो. म्हणून प्रत्येक बाटलीवर मद्यार्काचे प्रमाण व तारीख लिहावी आणि कडक बिअर लहान पेल्यातच द्यावी. गाडी चालविणाऱ्याने ती घेऊच नये.

पुढच्या वेळी काळजी दोन गोष्टींची घ्यावी. उकळताना किती पाणी आटले ते मोजावे आणि साखर वजन करूनच घालावी. २० लिटरला अर्धा किलो साखर जास्त पडली, तरी मद्यार्क सुमारे सव्वा टक्क्याने वाढतो.