जे सभागृहात नव्हते

१७८७ साली फिलाडेल्फियात अमेरिकेची राज्यघटना लिहिली गेली, तेव्हा स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारे जेफरसन कुठे होते? पॅरिसमध्ये, राजदूत म्हणून. जॉन अ‍ॅडम्स लंडनला. पॅट्रिक हेन्रींची निवड झाली होती, पण ते गेलेच नाहीत.

आता पुढचं बघा. मसुदा वाचून जेफरसननी मॅडिसनना पत्रानं कळवलं, की यात नागरिकांच्या हक्कांची सनद नाही. हेन्रींनी व्हर्जिनियात हाच मुद्दा लावून धरला. अखेर १७९१ मध्ये दहा दुरुस्त्या झाल्या. भाषणस्वातंत्र्य, धर्मस्वातंत्र्य त्यांतूनच आलं. म्हणजे गैरहजर माणसांनीही घटना घडवली.

पण त्यांच्या शब्दाला वजन होतं. गुलामांना आणि स्त्रियांना कुणी बोलावलंच नव्हतं. गुलामगिरी संपायला १८६५ साल उजाडलं. स्त्रियांना देशभर मताधिकार मिळायला १९२०.