परदेशी नागरिकाशी विशेष विवाह अधिनियमाखाली होणारा विवाह

भारतीय नागरिक आणि परदेशी नागरिक यांचा, कोणत्याही धर्मविधीवर अवलंबून नसलेला विवाह भारतात विशेष विवाह अधिनियम, १९५४ (१९५४चा अधिनियम क्रमांक ४३) या केंद्रीय कायद्याखाली लावला जातो. बोलीभाषेत त्यास नोंदणी विवाह, रजिस्टर लग्न किंवा कोर्ट मॅरेज असे म्हणतात. यांपैकी शेवटचे नाव दिशाभूल करणारे आहे. हा विवाह न्यायालयात नव्हे, तर राज्य शासनाने नेमलेल्या विवाह अधिकाऱ्यासमोर होतो. विवाह लावण्यास नकार मिळाला आणि त्याविरुद्ध अपील झाले, तरच तो विषय जिल्हा न्यायालयापुढे जातो. महाराष्ट्रात विवाह अधिकाऱ्यांची कार्यालये नोंदणी व मुद्रांक विभागाच्या अखत्यारीत आहेत.

अधिनियमाच्या कलम ४ मध्ये 'कोणत्याही दोन व्यक्ती' अशी शब्दयोजना आहे. नागरिकत्वाची अट तेथे घातलेली नाही. त्यामुळे एक पक्ष परदेशी असणे हा विवाहास अडथळा ठरत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ साली याच शब्दयोजनेच्या आधारे, विवाहेच्छूंपैकी एक तरी भारतीय नागरिक असलाच पाहिजे असा आग्रह कार्यालयांनी धरू नये, असे स्पष्ट केले.

पार्श्वभूमी

भारतातील नागरी विवाहाचा पहिला कायदा १८७२ साली झाला. केशवचंद्र सेन यांच्या नेतृत्वाखालील ब्राह्मो समाजाच्या मागणीतून त्याचा उगम झाला होता. मात्र त्या कायद्याखाली विवाह करणाऱ्यांना आपण हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी, ज्यू, बौद्ध, शीख किंवा जैन यांपैकी कोणत्याही धर्माचे अनुयायी नाही, असे लिहून द्यावे लागे. धर्म सोडल्याचे जाहीर करणे ही त्या काळी सामान्य माणसास न पेलणारी अट होती. हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नांनी १९२३ साली तीत सुधारणा झाली आणि हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांना आपापसांत धर्म न सोडता विवाह करता येऊ लागला. हिंदू आणि ख्रिस्ती यांची अडचण या कायद्यापुरती तशीच राहिली.

इंदूरचे माजी अधिपती तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी १९२८ साली नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी विवाह केला, तेव्हा तिने आधी हिंदू धर्म स्वीकारून शर्मिष्ठादेवी हे नाव धारण केले. संस्थानी मुलखाचे कायदे निराळे होते हे खरे. तरीही परदेशी जोडीदार म्हणजे आधी धर्मांतर, ही त्या काळची समजूत या विवाहातून दिसते. १९५४चा अधिनियम १ जानेवारी १९५५ रोजी अमलात आला आणि दोन्ही पक्षांनी आपापला धर्म कायम ठेवून विवाह करण्याचा मार्ग प्रथमच पूर्णपणे खुला झाला.

ती जुनी समजूत अजूनही पुरती गेलेली नाही. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ दोन्ही पक्ष हिंदू (त्यात बौद्ध, जैन व शीख आले) असतील तरच लागू होतो. ख्रिस्ती व्यक्तीने धर्म न बदलता हिंदू व्यक्तीशी वैदिक पद्धतीने केलेला विवाह या कायद्याखाली वैध ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने गुल्लिपिल्ली सौरिया राज खटल्यात २००८ साली दिला. मंगलाष्टके, सप्तपदी आणि जेवणावळी यथासांग पार पडूनही परदेशी ख्रिस्ती वधू कायद्याच्या दृष्टीने पत्नी ठरत नाही, असा याचा अर्थ आहे. एक पक्ष ख्रिस्ती असल्यास भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियम, १८७२ हा स्वतंत्र मार्ग मात्र उपलब्ध आहे.

अटी

वराचे वय २१ व वधूचे १८ वर्षे पूर्ण असावे, कोणाचाही पूर्वीचा जोडीदार हयात (म्हणजे विवाहबंधनात) नसावा, दोघेही वैध संमती देण्यास मानसिकदृष्ट्या सक्षम असावेत आणि ते निषिद्ध नातेसंबंधात नसावेत, या चार मुख्य अटी आहेत. निषिद्ध नात्यांची पुरुषासाठी ३७ व स्त्रीसाठी ३७ अशी यादी अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तीत मामाची व आत्याची मुलगीही आहे, ही बाब महाराष्ट्रातील अनेकांस आश्चर्याची वाटते. रूढीचा अपवाद कायद्यात आहे, परंतु ती रूढी राज्य शासनाने राजपत्रात अधिसूचित केलेली असावी लागते.

नोटीस आणि मुदतीचे गणित

विवाहाची लेखी नोटीस ज्या जिल्ह्यात दोघांपैकी निदान एकाचे वास्तव्य लगतच्या ३० दिवसांपासून आहे, त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्यास द्यावी लागते. पुण्यात राहणाऱ्या मुलीचा वर कालच विमानाने उतरला असला, तरी पुण्यात नोटीस देता येते. वास्तव्याची अट मुलीकडून पूर्ण झालेली असते. नोटीस विवाह नोटीस पुस्तकात नोंदवली जाते आणि तिची प्रत कार्यालयात ठळक ठिकाणी लावली जाते. एखाद्या पक्षाचे कायमचे वास्तव्य दुसऱ्या जिल्ह्यात असेल, तर प्रत तेथील कार्यालयासही पाठवतात.

नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत कोणासही हरकत घेता येते, परंतु ती वर सांगितलेल्या अटींच्या भंगापुरतीच. आईवडिलांची नापसंती, जात, धर्म, वर्ण किंवा राष्ट्रीयत्व ही कायदेशीर हरकत नव्हे. हरकतीचा निर्णय विवाह अधिकाऱ्याने ३० दिवसांत द्यावयाचा असतो. त्याने विवाहास नकार दिल्यास पुढील ३० दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करता येते. निराधार हरकत घेणाऱ्यास एक हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यावी लागू शकते. आजच्या काळात ही रक्कम कोणास धाक घालील अशी नाही.

हरकतीचे ३० दिवस संपल्यावर विवाह लावता येतो, पण नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत तो झाला नाही तर नोटीस रद्द होते आणि सर्व प्रक्रिया पुन्हा करावी लागते. म्हणजे प्रत्यक्ष विवाहासाठी सुमारे दोन महिन्यांचा अवधी हाती राहतो. परदेशी पक्षाच्या बाबतीत याच गणितावर सारे अवलंबून असते. ३० दिवसांचा ई-पर्यटक व्हिसा घेऊन आलेली व्यक्ती आल्या दिवशी नोटीस देऊ शकली, तरी हरकतीचा काळ संपण्यापूर्वी किंवा संपतासंपता तिचा व्हिसा संपतो. म्हणून अशी जोडपी एक तर दीर्घ मुदतीच्या व्हिशाची तजवीज करतात, नाही तर नोटिशीसाठी एकदा आणि विवाहासाठी एकदा अशा दोन खेपा ठरवतात.

परदेशी पक्षाची कागदपत्रे

पारपत्र, वैध व्हिसा, जन्मतारखेचा आणि पत्त्याचा पुरावा यांखेरीज विवाह अधिकारी परदेशी व्यक्तीकडून ती विवाहास मोकळी असल्याचा पुरावा मागतो. कायद्यात या कागदाचे नाव नाही, पण पूर्वीचा जोडीदार नसल्याची खात्री करण्याचे दुसरे साधन अधिकाऱ्याजवळ नसते. अडचण अशी की, प्रत्येक देशाची पद्धत निराळी आहे. फ्रान्सचा वाणिज्य दूतावास दहा दिवस विवाहसूचना प्रसिद्ध करून मग विवाहक्षमतेचे प्रमाणपत्र देतो. जर्मनीत असे प्रमाणपत्र स्थानिक नागरी नोंदणी कार्यालय देते आणि ते सहा महिनेच वैध असते. अमेरिकेत विवाहांची देशव्यापी नोंदवहीच नाही. त्यामुळे तेथील शासन असे प्रमाणपत्र देऊ शकत नाही आणि नागरिक स्वतःच आपण अविवाहित असल्याचे शपथपत्र करून देतो. एका देशाच्या नागरिकाने आणलेला कागद दुसऱ्या देशाच्या नागरिकाकडे मागितल्यामुळे कार्यालयात हेलपाटे पडल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

पूर्वी घटस्फोट झालेला असल्यास अंतिम हुकूमनामा लागतो. इंग्लंड व वेल्समध्ये घटस्फोट दोन टप्प्यांत होतो. ६ एप्रिल २०२२ पासून त्या टप्प्यांची नावे बदलली आहेत, मात्र पहिल्या टप्प्यावरील सशर्त आदेशाने विवाह संपत नाही, हे तत्त्व कायम आहे. विधुर किंवा विधवा असल्यास मृत्यूचा दाखला द्यावा लागतो. इंग्रजीखेरीज अन्य परकीय भाषेतील कागदांचे प्रमाणित भाषांतर जोडतात.

परदेशातील सार्वजनिक दस्तऐवज ॲपोस्टिल केलेले असावेत अशी अपेक्षा असते. यासंबंधीच्या १९६१च्या हेग करारात भारत २००५ साली सामील झाला. उलट दिशेने, भारतातील विवाह प्रमाणपत्र परदेशी वापरावयाचे झाल्यास त्यावर राज्य स्तरावरील साक्षांकनानंतर परराष्ट्र मंत्रालयाचे ॲपोस्टिल घेतात. भारताच्या प्रवेशास जर्मनीने आक्षेप घेतला होता; त्यामुळे त्या देशासाठी दूतावासामार्फत पडताळणीची वेगळी पद्धत आहे.

विवाह लावणे

ठरलेल्या दिवशी दोघे पक्ष आणि तीन साक्षीदार विवाह अधिकाऱ्यासमोर घोषणापत्रावर सह्या करतात. विवाह कोणत्याही पद्धतीने लावता येतो. परंतु अधिकारी व साक्षीदार यांच्या समक्ष, दोघांना समजणाऱ्या भाषेत, एकमेकांचा पती व पत्नी म्हणून स्वीकार केल्याचे शब्द उच्चारल्याशिवाय तो पूर्ण होत नाही. 'समजणाऱ्या भाषेत' हे शब्द मिश्र जोडप्यांसाठी मोलाचे आहेत. ज्यास मराठी येत नाही त्याच्याकडून मराठी वाक्य वदवून घेणे कायद्यास अभिप्रेत नाही. त्यानंतर विवाह प्रमाणपत्र पुस्तकात नोंद होते आणि ती विवाहाचा निर्णायक पुरावा मानली जाते.

महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन व विवाह नोंदणी अधिनियम, १९९८ याखाली महानगरपालिका किंवा ग्रामपंचायत स्तरावर मिळणारे प्रमाणपत्र यापासून वेगळे आहे. तेथे आधीच लागलेल्या विवाहाची केवळ नोंद होते. विवाह लावला जात नाही.

मालमत्ता व वारसा

या विवाहाचा सर्वांत दूरगामी आणि सर्वांत कमी ठाऊक असलेला परिणाम मालमत्तेवर होतो. अविभक्त कुटुंबातील हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन व्यक्तीने या अधिनियमाखाली विवाह केल्यास ती त्या कुटुंबातून विभक्त झाल्याचे कलम १९ नुसार मानले जाते. तिचा हिस्सा जात नाही, पण एकत्र कुटुंबाशी असलेला संबंध तुटतो. कलम २१ नुसार तिच्या मालमत्तेचा वारसा पुढे भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ प्रमाणे ठरतो. १९७६ साली घातलेल्या कलम २१-अ मुळे दोन्ही पक्ष हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर हे परिणाम टळतात. परदेशी जोडीदार ख्रिस्ती, ज्यू किंवा निधर्मी असेल तर टळत नाहीत.

उदाहरणार्थ, मृत्युपत्र न करता वारलेल्या हिंदू पुरुषाची आई हिंदू उत्तराधिकार अधिनियमाखाली पत्नी व मुलांबरोबरीने पहिल्या वर्गाची वारस असते. १९२५च्या कायद्याखाली मात्र पत्नीस एकतृतीयांश व मुलांना दोनतृतीयांश मिळते. आईच्या वाट्यास काहीच येत नाही. वृद्ध आईचा सांभाळ करणाऱ्या एकुलत्या मुलाच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. मृत्युपत्र केल्याने तो दूर करता येतो.

वास्तव्य आणि नागरिकत्व

विवाहामुळे भारतीय नागरिकत्व आपोआप मिळत नाही. नागरिकत्व अधिनियम, १९५५ नुसार भारतीय नागरिकाशी विवाह झालेल्या परदेशी व्यक्तीस सात वर्षांच्या सर्वसाधारण वास्तव्यानंतर नोंदणीद्वारे नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. बहुतेक जण तेथवर न जाता ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया कार्ड (ओसीआय) घेतात. त्यासाठी नोंदणीकृत विवाह अर्जापूर्वी सलग दोन वर्षे टिकलेला असावा लागतो. मधल्या काळात प्रवेश व्हिसा (एक्स व्हिसा) उपयोगी पडतो. पाकिस्तान किंवा बांगलादेशाचे नागरिक असलेल्या, अथवा ज्यांचे आईवडील, आजीआजोबा वा पणजीपणजोबा तेथील नागरिक होते अशा व्यक्तींना ओसीआय कार्ड मिळत नाही. विवाह कायदेशीररीत्या संपुष्टात आल्यास जोडीदार या नात्याने मिळालेले कार्ड रद्द होऊ शकते.

जोडीदाराच्या देशात विवाहाची नोंद करावयाची की नाही, हे त्या देशाच्या कायद्यावर ठरते. फ्रान्सच्या नागरिकास विवाहाची नोंद फ्रेंच नागरी नोंदवहीत करून घ्यावी लागते. अमेरिकी वकिलात मात्र अशी नोंद करीतच नाही.

नोटिशीविषयीचा वाद

जाहीर नोटिशीची तरतूद फसवणूक व द्विभार्या टाळण्यासाठी आहे. प्रत्यक्षात तिच्यामुळे घरच्यांच्या इच्छेविरुद्ध विवाह करणाऱ्यांची नावे व पत्ते महिनाभर भिंतीवर उघडे राहतात, आणि हरकतीचा अधिकार नसलेल्यांना दबाव आणण्याची संधी मिळते. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली, जोडप्याच्या घरी नोटीस पाठवण्यास कायद्यात आधार नाही, असे म्हटले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये सफिया सुलताना प्रकरणात नोटीस प्रसिद्ध करणे जोडप्याच्या इच्छेवर सोपवले. हा निर्णय उत्तर प्रदेशापुरता बंधनकारक आहे. महाराष्ट्रात ३० दिवसांची नोटीस लागतेच.

गोवा आणि परदेशातील विवाह

गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी संहितेची परंपरा असल्याने विवाहाची पद्धत वेगळी आहे. तेथे नागरी निबंधकापुढे आधी विवाहाचा इरादा जाहीर करून सही करावी लागते व ठरावीक अवधीनंतर पुन्हा उपस्थित राहून विवाहाच्या नोंदीवर सही करावी लागते. केवळ पहिल्या सहीने विवाह पूर्ण होत नाही.

भारतीय नागरिकास परदेशातच विवाह करावयाचा असल्यास परदेशी विवाह अधिनियम, १९६९ लागू पडतो. त्याखाली भारतीय दूतावासातील विवाह अधिकाऱ्यासमोर विवाह लावता येतो. मात्र दोघांपैकी निदान एक जण भारतीय नागरिक असावा लागतो. त्या देशाच्या स्थानिक कायद्याप्रमाणे आधीच झालेल्या विवाहाची नोंदही याच अधिनियमाच्या कलम १७ खाली करता येते.